गाडी हिट होतेय? इंजिन तापण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नुसतं "गाडी हिट होते" एवढं सांगितलं तर कितीही हुशार मेकॅनिक असू दे, त्याला कारण सांगता येणार नाही, मग तो अंदाजाने एकेक पार्ट बदलत बसतो आणि पैसे आपले जातात. कधी तापते, किती वेळात तापते आणि पाणी (म्हणजे रेडिएटरमधलं कूलंट) कमी होतं का, हे तीन प्रश्न आधी स्वतःला विचारा. खाली सगळीकडे मी फिरून फिरून तिथंच येणार आहे कारण मी स्वतः हे न विचारता बरंच काही बदलून बसलोय, तो किस्सा पुढे येईलच.

काटा लालमध्ये गेलाय, मी आत्ता रस्त्यात आहे, काय करू?

पहिलं म्हणजे एसी बंद. दुसरं, हीटर फुल गरम आणि ब्लोअर फुल स्पीडला. विचित्र वाटेल पण हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला एक छोटा रेडिएटरच असतो, इंजिनची थोडी उष्णता तो केबिनमध्ये ओढून घेतो, तेवढ्यात गाडी सुरक्षित जागी साइडला घ्यायला वेळ मिळतो. काचा उघडा, घाम येऊ दे, पण इंजिन वाचवा.

काटा एकदम लालमध्ये असेल, लाल दिवा लागला असेल किंवा बोनेटमधून वाफ येत असेल तर "पुढच्या पंपापर्यंत नेतो" हा विचार सुद्धा करू नका, इंजिन बंदच करा. हे फार कळकळीने सांगतोय कारण साध्या फुटलेल्या पाइपाचं काम आणि अख्खं इंजिन खोलायचं काम यात फरक बहुतेक वेळा त्या शेवटच्या दोन-तीन किलोमीटरचाच असतो.

इंजिन बंद केल्यावर चावी ऑनवर ठेवून बघा, काही गाड्यांत फॅन तसाही चालू राहतो आणि त्याने मदत होते. बोनेट उघडा, पण वाफ येत असेल तर ती थांबेपर्यंत उघडू नका. आणि हात फॅनपासून लांब ठेवा, इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होतो. नंतर किमान अर्धा तास, खरं तर तासभर, काहीही करायचं नाही.

लगेच रेडिएटरचं झाकण उघडून पाणी टाकलं तर काय होतं?

भाजतं, आणि फार वाईट भाजतं. कूलिंग सिस्टीम प्रेशरखाली असते, साधारण १ बारचं झाकण असलं की आतलं साधं पाणी सुद्धा १२० डिग्री सेल्सिअसच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. तुम्ही झाकण उघडलं की प्रेशर एका क्षणात जातं आणि १०० च्या वर असलेलं ते पाणी तिथल्या तिथे उकळून कारंज्यासारखं तोंडावर येतं. कपडा गुंडाळून अर्धं फिरवायची पद्धत सगळे सांगतात, मी सांगणार नाही. वरचा जाड होज पाइप कपड्यातून दाबून बघा, कडक लागला तर आत अजून प्रेशर आहे, थांबा. मऊ झाला आणि रेडिएटरला हात लावता येतोय, मगच उघडा.

आणि तापलेल्या इंजिनवर बाहेरून किंवा आत एकदम गार पाणी ओतू नका. हेड, म्हणजे इंजिनचा सिलिंडरवरचा भाग, बहुतेक गाड्यांत अॅल्युमिनियमचं असतं, एका बाजूने अचानक थंड झालं की वाकतं किंवा तडा जातो.

इंजिन किती तापमानाला चालायला पाहिजे? काटा तर कायम मधेच असतो.

बहुतेक गाड्या ८५ ते १०५ डिग्रीच्या दरम्यान चालतात. थर्मोस्टॅट (इंजिन गार असताना रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व) साधारण ८२ ते ९२ च्या मध्ये कुठेतरी उघडायला लागतो, इलेक्ट्रिक फॅन ९५ ते १०५ च्या आसपास सुरू होतो, गाडीनुसार फरक पडतो.

पण काट्यावर फार विश्वास ठेवू नका. बऱ्याच नवीन गाड्यांत काटा मुद्दाम असा सेट केलेला असतो की ८० पासून ११० पर्यंत तो मध्यावरच राहतो, म्हणजे लोक उगाच घाबरू नयेत. त्यामुळे काटा मध्याच्या थोडा जरी वर सरकला तरी ती "थोडीशी" गोष्ट नसते, तोपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं. काही गाड्यांत तर काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा. अशा गाडीत ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि कोड वाचणारं यंत्र) लावून मोबाइलवर खरं तापमान बघणं हा सगळ्यात चांगला उपाय, छोटं ब्लूटूथवालं यंत्र पुरतं.

बरं, मग कारण शोधायला सुरुवात कुठून करू?

"कधी" पासून. काटा वर कधी जातो त्यावरून बघा.

गाडी उभी असताना किंवा ट्रॅफिकमध्ये तापते आणि वेगात आली की उतरते, मग संशय हवेवर, म्हणजे फॅनवर. वेगात किंवा लांब चढावर तापते आणि हळू चालवली की बरी, मग संशय पाणी फिरण्यावर, म्हणजे रेडिएटर आतून चोक, पंप कमजोर, होज पाइप आत ओढला जातोय, थर्मोस्टॅट अर्धवटच उघडतोय. गार इंजिन सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच तापते, मग थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय किंवा पाणीच नाहीये किंवा हेड गॅस्केट (हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) उडालंय. काटा वर जातो, मग अचानक खाली येतो, परत वर जातो, मग पाणी कमी किंवा हवा अडकलीय, सेन्सरला कधी पाणी लागतं कधी वाफ. कधीही कुठेही तापते, काही पॅटर्नच नाही, मग वायरिंग, रिले, सेन्सर असं इलेक्ट्रिकल काहीतरी बघा.

हे शंभर टक्के नाही, दोन कारणं एकत्र असतात कधी कधी, पण निम्म्याहून जास्त रस्ता यानेच कापला जातो.

त्यानंतर, गार इंजिनवर, या क्रमाने बघत जा: पाण्याची लेव्हल, बाहेरून कुठे गळतंय का, बेल्ट आहे का आणि ढिला आहे का, रेडिएटरच्या जाळ्या समोरून चोक आहेत का, फॅन फिरतो का, झाकण. या सगळ्याला काही खोलावं लागत नाही. हे सगळं न बघता जो थेट हेड खोलायचं बोलतो त्याच्याकडे गाडी देऊ नका.

ट्रॅफिकमध्येच तापते. फॅन चेक कसा करायचा?

गाडी चालू करा, एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लावला की फॅन लगेच किंवा थोड्या वेळात फिरायला लागतो. फिरला म्हणजे मोटर जिवंत आहे. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले (विजेवर चालणारा स्विच). रिले चेक करायची सोपी युक्ती म्हणजे त्याच फ्यूज बॉक्समध्ये तंतोतंत तसाच दुसरा रिले असतो, हॉर्नचा वगैरे, तो काढून इथे लावून बघा, वरचा नंबर मात्र सारखा पाहिजे. त्यानेही नाही झालं तर फॅनचा कनेक्टर काढून मोटरला थेट बॅटरीचा करंट देऊन बघायचा, फिरली तर मोटर चांगली आहे आणि दोष वायर, रिले किंवा सेन्सरकडे आहे, नाही फिरली तर मोटर गेली. हे शेवटचं काम वायरिंगची सवय नसेल तर करू नका, शॉर्ट होऊ शकतं. पंख्यात बोटं नको हे परत एकदा सांगतो.

काही गोष्टी सहज सुटतात त्या इथे सांगतो. दोन स्पीडचा फॅन असेल तर बऱ्याचदा कमी स्पीडचा रेझिस्टर जळलेला असतो, मग फॅन चालतो तर खरं पण फार उशिरा, एकदम हाय स्पीडलाच, आणि मालक म्हणतो फॅन ठीक आहे. दुसरं, वायरिंगचं काम झाल्यावर फॅन उलटा फिरायला लागतो, प्लस मायनस अदलाबदल झालेलं असतं, हवा आत ओढायच्या ऐवजी बाहेर ढकलतो. पुढच्या जाळीसमोर कागद धरा, तो आत चिकटला पाहिजे, उडून लांब गेला तर फॅन उलटा आहे. तिसरं, फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं आवरण, ते अॅक्सिडेंटच्या कामानंतर परत लावलेलंच नसतं. वाटतं साधं प्लॅस्टिक आहे, पण ते नसलं की फॅन रेडिएटरमधून हवा ओढायच्या ऐवजी बाजूची गरम हवाच घुसळत बसतो.

जुन्या किंवा मोठ्या गाड्यांत फॅन इंजिनवरच असतो, व्हिस्कस क्लचवाला. इंजिन बंद आणि गार असताना हाताने फिरवून बघा, थोडा अडखळत जड फिरला पाहिजे. हात सोडल्यावर भिंगरीसारखे तीन-चार फेरे घेत राहिला तर क्लच गेला.

हायवेला किंवा चढावर तापते, फॅन तर मस्त चालतो.

वेगात असताना हवा आपोआप लागते, फॅनचा तसा संबंधच नाही. म्हणून पाणी बघायचं.

आधी बाहेरून. समोर एसीचा कंडेन्सर असतो आणि त्याच्या मागे रेडिएटर, या दोघांच्या फटीत धूळ, पानं, किडे यांचा अक्षरशः गालिचा तयार होतो, समोरून बघितलं तर काहीच दिसत नाही. टॉर्च घेऊन वरून फटीत बघा. साफ करताना पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारायचं आणि प्रेशर कमी ठेवायचं, जोराच्या वॉशरने त्या पातळ जाळ्या आडव्या झोपतात आणि मग हवा कायमची बंद.

मग आतून. वर्षानुवर्षं नळाचं किंवा बोअरचं पाणी टाकलं असेल तर आत क्षार बसतात आणि नळ्या बुजतात. इंजिन पूर्ण गरम असताना इन्फ्रारेड थर्मामीटर रेडिएटरवर सगळीकडे फिरवा, तापमान एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हळूहळू कमी होत गेलं पाहिजे. मधेच एखादा पट्टा बाकीच्यापेक्षा एकदम गार लागला तर तिथून पाणी जात नाहीये. चकचकीत धातूवर हे यंत्र चुकीचं तापमान दाखवतं, काळ्या किंवा रंगवलेल्या भागावर मारा.

खालचा होज पाइप पण बघा. तो पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो, रबर मऊ पडलं असलं किंवा आतली स्प्रिंग गेली असली की रेस वाढवल्यावर तो चपटा होतो आणि पाणी अडतं. उभ्या गाडीत आयडलला तो एकदम व्यवस्थित दिसतो, कुणाला तरी अॅक्सिलरेटर द्यायला सांगून मग बघावं लागतं.

पाणी कमी होतं पण गळताना काहीच दिसत नाही. जातं कुठे?

तीनच जागा आहेत: बाहेर, केबिनमध्ये किंवा इंजिनच्या आत.

बाहेर गळतं पण गरम इंजिनवर पडून उडून जातं म्हणून खाली डाग दिसत नाही, त्याऐवजी जोडाजवळ पांढरे, हिरवे किंवा गुलाबी वाळलेले ओघळ दिसतात. होजचे क्लॅम्प, रेडिएटरची प्लॅस्टिक टाकी जिथे अॅल्युमिनियमला जोडलीय ती कड, वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक, थर्मोस्टॅटचं हाउसिंग, हे बघा. केबिनमध्ये जात असेल तर पुढच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं लागतं, गोडसर वास येतो आणि काचेवर आतून तेलकट धुकं जमतं, म्हणजे हीटर कोअर (हीटरचा तो छोटा रेडिएटर) फुटलाय. या दोन्ही नसतील तर हेड गॅस्केटकडे जावं लागतं.

ठामपणे कळायचं असेल तर प्रेशर टेस्ट करून घ्या. गार इंजिनवर झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या प्रेशरइतकी हवा भरायची आणि दहा-पंधरा मिनिटं मीटरचा काटा बघत बसायचं. उतरला तर कुठेतरी गळतंय, आणि बहुतेक वेळा गळती तिथल्या तिथे दिसते. छोटं स्वस्त काम आहे पण फार कमी ठिकाणी आपणहून केलं जातं, मागून घ्यावं लागतं.

गळलेलं कूलंट तसंच जमिनीवर सोडू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि किडनी जाऊन मरतात, लहान मुलांनाही तेवढाच धोका. भरपूर पाणी टाकून धुवा आणि जुनं कूलंट झाकणबंद डब्यात ठेवा.

बाटलीत पाणी फुल आहे, तरी गाडी हिट होते. असं कसं?

हाच माझा किस्सा. माझी जुनी गाडी अधूनमधून तापायची, मी रोज सकाळी बोनेटखालची कूलंटची प्लॅस्टिकची बाटली बघायचो, लेव्हल बरोबर मार्कवर, म्हणून पाणी हा विषयच डोक्यातून काढून टाकलेला. एका गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट बदलला, पुढच्या वेळी वॉटर पंप बदलला, तरी परत तेच, आणि तिसऱ्यांदा हेड खोलायचं म्हणाला. त्या रात्री झोप नाही आली. सकाळी गार इंजिनवर पहिल्यांदाच रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत जवळजवळ दोन लिटर पाणी कमी, आणि बाटली फुल!

झालं असं होतं की रेडिएटरच्या झाकणात दोन व्हॉल्व असतात. एक गरम झाल्यावर जास्तीचं पाणी बाटलीत सोडतो, दुसरा छोटा व्हॉल्व गार होताना तेच पाणी परत आत ओढून घेतो. दुसरा अडकला किंवा झाकणाचं रबर कडक पडलं किंवा बाटलीच्या बारीक नळीला चीर गेली, की पाणी बाहेर जातं पण परत येत नाही. आत हवा, बाहेर फुल बाटली. नवीन झाकण लावलं, पाणी भरलं, हवा काढली, आणि ती गाडी नंतर कधीही तापली नाही. दोन पार्ट उगाच बदलले गेले, हेड थोडक्यात वाचलं.

म्हणून सांगतो, ज्या गाडीत रेडिएटरवर वेगळं झाकण आहे त्यात लेव्हल रेडिएटरमध्येच बघायची, गार असताना. नवीन झाकण घेताना प्रेशरचा आकडा जुन्यासारखाच घ्या, ०.९ असेल तर ०.९, १.१ असेल तर १.१. गार झाल्यावर होज पाइप पिचकलेले दिसत असतील तर आत ओढणारा व्हॉल्व बंद पडलाय असं समजा. ज्या गाड्यांत रेडिएटरला झाकणच नाही आणि बाटलीच प्रेशरवाली आहे तिथे बाटलीतली लेव्हल खरी असते, पण तिथेही झाकण खराब होतंच, शिवाय जुनी प्लॅस्टिकची बाटली जोडावर तडकते.

थर्मोस्टॅट काढूनच टाकला तर? सगळे तेच सांगतात.

नका काढू. थर्मोस्टॅट नसला की इंजिन नेहमी गार चालतं, गार इंजिनमध्ये पेट्रोल-डिझेल जास्त जळतं, ऑइलमधला ओलावा उडत नाही, झीज वाढते. आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅटची मागची चकती बायपासचा रस्ता बंद करत असते, तो काढला की बरंच पाणी रेडिएटरला न जाता बायपासनेच गोल गोल फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. अगदी अडचणीत घरी पोचायला एकदा केलं तर ठीक, पण नंतर नवीन लावायचा.

खराब आहे का हे ओळखायला गार इंजिन सुरू करून होज पाइपांना हात लावत बसा. काटा लालच्या जवळ गेला आणि खालचा होज अजून गारच आहे, म्हणजे थर्मोस्टॅट उघडत नाहीये किंवा पाणी फिरतच नाहीये. काढून तपासायचा असेल तर भांड्यात पाणी घेऊन दोऱ्याला टांगून गरम करा, सोबत थर्मामीटर. त्याच्यावरच तापमान कोरलेलं असतं, त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे आणि आणखी १०-१५ डिग्रीने पूर्ण उघडला पाहिजे. तळाला टेकू देऊ नका, भांड्याचा तळ जास्त गरम असतो.

वॉटर पंप गेलाय हे कसं ओळखायचं?

बेअरिंग गेलं असेल तर घरघर आवाज येतो आणि पुलीला हाताने हलवलं तर खेळ लागतो. सील गेलं असेल तर खालच्या भोकातून पाणी झिरपतं, ते भोक त्यासाठीच दिलेलं असतं, ते बुजवू नका. चकवणारा प्रकार तिसरा: काही पंपांत आतला पंखा प्लॅस्टिकचा असतो, तो शाफ्टवर सैल होतो, पुली फिरते, गळत नाही, आवाज नाही, आणि पाणी मात्र फिरत नाही. इंजिन तापलेलं आहे आणि हीटर गार हवा टाकतोय, पाणी पूर्ण आहे, हवा काढलेली आहे, थर्मोस्टॅट तपासलाय, मग इथे या. टायमिंग बेल्टवर चालणारा पंप असेल तर बेल्ट आणि पंप एकाच वेळी बदलून घ्या, दोनदा तेच खोलण्यात अर्थ नाही.

हेड गॅस्केट उडालंय का, हे खोलायच्या आधी कळतं का?

कळतं, आणि खोलायच्या आधी कळलंच पाहिजे.

पहिलं चिन्ह म्हणजे रात्रभर गार झालेली गाडी सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होतो. पाणी अजून गरमसुद्धा नाही झालं मग प्रेशर आलं कुठून? सिलिंडरमधला गॅस आत घुसतोय. दुसरं, गार असताना झाकण उघडं ठेवून सुरू करा, सारखे बुडबुडे येत राहिले आणि रेस दिल्यावर वाढले तर लक्षण वाईट (सुरुवातीला थोडे बुडबुडे अडकलेल्या हवेचे पण असतात, ते थांबतात). तिसरं, इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर. चौथं, सकाळी सुरू करताना काही सेकंद एक सिलिंडर मारत नाही आणि मग सुरळीत होतं, रात्रभर पाणी झिरपून सिलिंडरमध्ये गेलेलं असतं. स्टार्टर मारल्यावर इंजिन अडकल्यासारखं थांबलं तर परत परत स्टार्टर मारू नका, आत पाणी साठलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

ऑइल दुधाळ झालंय का हे सगळे बघतात पण त्यात एक गफलत आहे. फक्त ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला थोडा पांढरट चिकट थर असेल आणि गाडी रोज अगदी थोडीच चालत असेल तर तो बाष्पाचा असतो, घाबरू नका. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ असेल तर मात्र गाडी सुरूच करू नका. उलट, पाण्यात ऑइल दिसलं तर ते दर वेळी गॅस्केटच नसतं, ऑइल कूलर फुटूनही येतं.

पक्कं करायला ब्लॉक टेस्ट असते. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या लिक्विडची नळी ठेवून आतली हवा त्यातून ओढतात, जळालेला गॅस असेल तर निळ्याचं पिवळं होतं, डिझेलमध्ये हिरवट. पाणी त्या लिक्विडमध्ये जाऊ द्यायचं नाही, नाहीतर टेस्ट चुकते. बारीक गळती एका टेस्टमध्ये सुटू शकते म्हणून शंका असेल तर चढ चढवून, गाडीवर लोड देऊन परत करा, शिवाय कॉम्प्रेशन आणि लीक डाउन टेस्ट (सिलिंडर प्रेशर धरतो का ते बघणाऱ्या) आहेतच.

आणि गॅस्केट उडालं असेल तर ते का उडालं हे शोधा. बहुतेक वेळा आधी गाडी तापली आणि मग गॅस्केट गेलं. नुसतं गॅस्केट बदललं आणि बंद पडलेला फॅन तसाच राहिला तर काही दिवसांत परत तिथेच.

एसी लावला की तापते, बंद केला की ठीक.

एसी नवीन आजार आणत नाही, आधीचा उघडा पाडतो. कंडेन्सर आपली उष्णता रेडिएटरच्या तोंडावर टाकतो, इंजिनवर लोड वाढतो, त्यामुळे जी सिस्टीम काठावर चालली होती ती काठावरून पडते. फॅन, जाळ्या, आतून चोक, याच क्रमाने बघा.

हवा अडकलीय म्हणजे काय आणि ती काढायची कशी?

पाणी बदललं किंवा पाइप काढला की आत हवेचे फुगे राहतात. हवा हेडजवळ अडकली की तिथे पाणी पोचत नाही. लक्षणं म्हणजे काटा वरखाली नाचणं, हीटर कधी गरम कधी गार, डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्याचा आवाज.

गार इंजिन, गाडीचं तोंड चढावर थोडं वर, हीटर फुल गरम, झाकण उघडं. हळूहळू भरा, ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) असेल तर तो सैल करून बुडबुडे थांबून सरळ पाणी येईपर्यंत ठेवा. मग सुरू करून आयडलला ठेवा, थर्मोस्टॅट उघडला की लेव्हल एकदम खाली जाते, तेव्हा परत भरा, होज हाताने दाबून दाबून हवा बाहेर काढा, फॅन एकदा लागून बंद झाला की झाकण लावा. पूर्णवेळ तिथे उभे राहा आणि काटा बघत राहा. दुसऱ्या दिवशी गार असताना लेव्हल परत बघायची, थोडी उतरलेली असतेच. प्रत्येक गाडीची पद्धत थोडी वेगळी आहे, मॅन्युअल बघा.

साधं पाणी टाकलं तर चालतं का? आणि हिरवं की लाल?

अडचणीत चालतं, रोजसाठी नाही. कूलंट म्हणजे फक्त गोठू नये म्हणून नसतं. निम्मं कूलंट निम्मं पाणी केलं की १ बारच्या झाकणाखाली ते साधारण १२९ डिग्रीपर्यंत उकळत नाही, उणे ३७ पर्यंत गोठत नाही, आणि मुख्य म्हणजे अॅल्युमिनियमला गंज लागत नाही, पंपाचं सील टिकतं. निव्वळ कूलंट पाणी न मिसळता टाकणं पण चूक, ते पाण्यापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं. पाणी डिस्टिल्ड वापरा.

रंगावर जाऊ नका. रंगाचा काही ठरलेला नियम नाही, कंपनीकंपनीचा वेगळा असतो. मॅन्युअलमध्ये जो स्पेसिफिकेशन नंबर आहे तो डब्यावर आहे का ते बघा. वेगवेगळ्या जातीचं एकत्र केलं की गंज थांबवणारी रसायनं कमजोर होतात, कधी चिखलासारखा गाळ होतो. जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण २ वर्षं टिकतं, ऑरगॅनिक अॅसिडवालं ५ वर्षांच्या आसपास.

लीक बंद करायची पावडर किंवा लिक्विड टाकू का?

घरी पोचण्यापुरतं, दुसरा काही उपाय नसेल तरच. ते गळणारं भोक ओळखत नाही, हीटर कोअरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही तेच बसतं. टाकलं असेल तर मेकॅनिकला सांगा, लपवू नका, त्याला नंतर पूर्ण सिस्टीम फ्लश करावी लागेल.

काटा लाल दाखवतो पण इंजिन गरम वाटतच नाही. सेन्सर?

असू शकतं. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर इन्फ्रारेड मारा आणि ओबीडीवरच्या आकड्याशी जुळवा. ओबीडी १२० म्हणतंय आणि हाउसिंग ९०, तर सेन्सर किंवा त्याची वायर. सकाळी गार गाडीत चावी ऑन केल्यावर कूलंटचं तापमान बाहेरच्या हवेइतकंच दिसलं पाहिजे, ही सगळ्यात सोपी तपासणी. स्कॅनरवर पी०२१७ कोड आला तर इंजिन खरंच जास्त तापलं होतं, पी०११५ ते पी०११८ सेन्सरच्या सर्किटचे, पी०४८० फॅनच्या कंट्रोलचा, आणि पी०१२८ म्हणजे उलट, इंजिन पुरेसं गरमच होत नाहीये, थर्मोस्टॅट उघडा अडकलाय.

पण सेन्सरच खराब असेल असं आधीच मनाशी धरून गाडी चालवत राहू नका, आधी मोजा. पाणी पूर्ण संपलं असेल तर सेन्सर हवेत लटकतो आणि काटा चक्क नॉर्मल किंवा गार दाखवतो, इंजिन मात्र जळत असतं. हीटर एकदम गार हवा द्यायला लागला आणि पॉवर कमी झाली तर काटा काहीही म्हणू दे, थांबा.

कूलिंगचं सगळं तपासलं, सगळं ठीक, तरी तापते!

मग उष्णताच जास्त तयार होतेय. इंधनातली साधारण एक तृतीयांश ऊर्जा कूलिंग सिस्टीमला बाहेर काढावी लागते, इंजिनला जास्त जोर लावावा लागला की तो भारही वाढतो. चिकटलेला ब्रेक (थोडं चालवून प्रत्येक चाकाची रिम लांबूनच तपासा, एखादी जास्त गरम लागते), घसरणारा क्लच, चोक झालेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा भाग), चुकीचं टायमिंग, ऑइल कमी. ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचं ऑइल बऱ्याचदा रेडिएटरमध्येच थंड होतं, त्यामुळे गिअरबॉक्सचा आजार इंजिनच्या काट्यावर दिसतो.

एकदाच लालमध्ये गेली होती. आत काही बिघडलं असेल का?

काही सेकंद गेली आणि तुम्ही लगेच बंद केली तर बहुतेक काही होत नाही. तरी पुढचे आठ-दहा दिवस रोज सकाळी गार असताना पाणी आणि ऑइल बघा, लेव्हल लिहून ठेवा. लालमध्ये बराच वेळ चालली, बंद पडली किंवा टकटक आवाज आला तर ब्लॉक टेस्ट आणि कॉम्प्रेशन करून घ्या. हेड काढावंच लागलं तर सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून वाकलंय का ते मोजायला सांगा, बऱ्याच इंजिनांत ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आसपासच मर्यादा असते, नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. न मोजता नवीन गॅस्केट टाकून बसवलं तर काम परत येतं. हेडचे ताणले जाणारे, एकदाच वापरायचे बोल्ट असतील तर ते पण नवीनच लावायचे.

मेकॅनिककडे नेताना काय सांगू?

कागदावर लिहून न्या. कधी तापते (उभी, ट्रॅफिक, वेग, चढ), सुरू केल्यापासून किती मिनिटांनी, एसी चालू होता का, हीटर गरम होता का, फॅनचा आवाज येत होता का, किती दिवसांत किती पाणी टाकलं, याआधी काय काय बदललं. आणि हेड खोलायचं म्हणाला तर ब्लॉक टेस्ट आणि प्रेशर टेस्ट आधी तुमच्यासमोर करायला सांगा, आणि रेडिएटरचं झाकण बदलून बघितलं का, हे पण विचारा.